तिखट धोंड्यांची परंपरा

गहू दळून आणायला फारशी बुद्धी लागत नाही, या समजुतीनं आमच्या घरात ते काम माझ्याकडे आहे.

ही समजूत यंदाच्या धोंड्याच्या महिन्यात मोडली. पण त्याआधी माझी थोडी ओळख करून द्यायला हवी, म्हणजे पुढच्या प्रकाराचं कुणाला फार आश्चर्य वाटणार नाही.

मी नांदेडला एक अभ्यासिका सांभाळतो. अभ्यासिका मालकांची, मी तिथं पोरांना खुर्च्या नेमून देतो, पंखे चालू-बंद करतो आणि दिवसातून पन्नासदा "हळू बोला" म्हणतो. एवढ्यावर पोरं मला 'सर' म्हणतात. परीक्षा संपल्या की पोरं भोकरला, मुखेडला, हदगावला आपापल्या गावी पळतात, खुर्च्या रिकाम्या पडतात आणि उन्हाळाभर माझा पगार निम्म्यावर येतो. (मालकांचं म्हणणं, निम्म्या खुर्च्यांना पूर्ण 'हळू बोला' कशाला?)

पगार निम्म्यावर आला तरी आमच्या घरातलं ताट आजवर कधी निम्म्यावर आलेलं नाही. याचं सगळं श्रेय माझ्या बायकोचं, निर्मलाचं. ती देगलूर तालुक्यातल्या एका खेड्यातली. बाकीच्या बायका बाजारातून भाजी आणतात; ही बाजारात दुसऱ्यांनी सोडून दिलेली भाजी आणते आणि त्या दुसऱ्यांनाच जेवायला बोलावते! दोडक्याच्या शिरांची आमच्याकडे चटणी होते. कलिंगड खाऊन झालं की सालीचा पांढरा भाग संध्याकाळी रश्शात भेटतो. कोथिंबिरीच्या काड्या कुठं जातात ते मला अजून कळलेलं नाही, पण जिथं जातात ते फार चांगलं लागतं.

अर्धापूरकडून केळीच्या गाड्या येतात. त्यांतली घडाच्या टोकाची बारकी, हिरवीकच्च केळी कुणी घेत नाही. निर्मला घेते. त्यांचे काप ज्वारीच्या पिठात नि तिखटात घोळवून तव्यावर खरपूस भाजते. एकदा शेजारचे गंगाधरकाका जेवायला होते. त्यांनी दोन काप खाल्ले, तिसरा तोंडात घातला आणि एकदम ताटावरून उठले.

"वैनी, माझ्या गळ्यात माळ हाय ओ! मासे कामून वाढलेत?"

केळ्यांच्या साली आणून दाखवल्या तेव्हा ते परत बसले, आणि परातीतले सगळे काप संपवूनच उठले.

मला या बाईचा फार अभिमान आहे. तो मी जिथं-तिथं बोलून दाखवतो. पुढचं सगळं त्यातूनच झालं.

धोंड्याचा महिना म्हणजे अधिक महिना. तीन वर्षांनी येतो. आमच्याकडे त्या महिन्यात लेक-जावयाला जेवायला बोलावतात, त्यांना ओवाळतात, कपडे करतात आणि ताटात धोंडे वाढतात. धोंडे म्हणजे कणकेच्या पारीत पुरण भरून वाफवलेले गोळे, वर तुपाची धार. बाकीच्या जेवणात काही कमी-जास्त झालं तर पाहुणे मनावर घेत नाहीत. धोंड्यात झालं तर पुढचा अधिक महिना येईपर्यंत विसरत नाहीत. आमच्या अश्विनीला गेल्या वर्षी लातूरला दिली, त्यामुळे यंदाचे धोंडे आमचे पहिलेच.

आठ दिवस आधी अश्विनीचा फोन आला. आवाज बारीक.

"आई, मोठ्या जाऊबाईच्या माहेरच्यांनी मंगल कार्यालय घेतलं होतं म्हणं. आचारी होता. पाणीपुरीचा बी स्टॉल होता! इथं अजून त्याच गोष्टी निघतात."

"मग? तुला पाणीपुरी पाहिजे का?" निर्मलानं विचारलं.

"न्हाई गं. तुम्ही तसलं काहीच करू नका. फक्त… माझ्या माहेरचं ताट बघून कुणी गप्प बसाय नाही पाहिजे."

"किती माणसं यायलीत?"

"आम्ही दोघं धरून दहा."

"येऊ दे," निर्मला म्हणाली, फोन ठेवला आणि पदर खोचला. लेकीचा तो बारीक आवाज मात्र माझ्या कानातून जाईना. पोरीची मान सासरी ताठ राहायची की नाही हे आता त्या ताटावर होतं, आणि ताट निम्म्या पगारावर होतं.

पुढचे आठ दिवस मी नुसता बघत होतो. हरभऱ्याची डाळ नि गूळ तिच्या भावाच्या शेतातून आला. कैऱ्या गंगाधरकाकांच्या झाडाच्या आल्या (ते एव्हाना केळीच्या कापांचे भक्त झाले होते). जावयाच्या कपड्यांचं तिनं दिवाळीपासूनच बाजूला टाकलं होतं, हे मला त्या दिवशी कळलं. आणि आमटीसाठी तिनं येसर भाजलं. येसर ज्यांना माहीत नाही त्यांची मला दया येते. ज्वारी, हरभऱ्याची डाळ, धने, जिरे, सुकं खोबरं, लाल मिरच्या, दगडफूल असं सगळं वेगवेगळं भाजायचं, एकत्र करायचं आणि दळून आणायचं. ते मूठभर आमटीत पडलं की साध्या आमटीला लग्नघराचा वास येतो.

"दळण उद्या आणा," निर्मला म्हणाली.

"उद्या आणतो," मी म्हणालो. असे चार उद्या गेले.

पाहुण्यांच्या दिवशी सकाळी आठ वाजता तिनं पत्र्याचा डबा माझ्यापुढं आदळला.

"नीट ऐका. खाली गहू हायत. वरच्या गाठोड्यात येसर हाय. आधी गाठोडं बाहेर काढायचं. गहू दळून घ्यायचे. येसर सगळ्यात शेवटी, येगळ्या पिशवीत. काय सांगितलं?"

"गाठोडं बाहेर, गहू आधी, येसर शेवटी."

"अजून एकदा सांगा."

"अगं, मी शंभर पोरं सांभाळतो!"

"ती बसलेली असतात," निर्मला म्हणाली.

रशीदभाईंच्या गिरणीत चार माणसं आधीच बसली होती. त्यांतला एक जण म्हणाला, "ह्या महागाईत धोंड्याचे पाहुणे कसे परवडावं माणसाला?" आता असं कुणी म्हटल्यावर मला गप्प बसवतं का? मी म्हणालो, "भाऊ, आमच्या घरी येऊन बघा!" आणि सुरू झालो. दोडक्याच्या शिरा झाल्या, कलिंगडाची साल झाली. गिरणीच्या आवाजात ऐकू यावं म्हणून मी ओरडून सांगत होतो, त्यामुळे रस्त्यावरची दोन माणसंही आत आली. ('हळू बोला' म्हणणाऱ्या माणसाचा आवाज एकदा सुटला की सुटलाच!) शेवटी केळीचे काप आले. गंगाधरकाका ताटावरून कसे उठले ते मी उठून दाखवत होतो, तेवढ्यात रशीदभाईंनी मागून विचारलं, "सर, ह्ये गाठोडं बी टाकू का?"

"टाका की! आपलंच हाय समदं!" मी मागं न बघता म्हणालो, आणि काकांनी गळ्यातली माळ कशी दोन बोटांत धरली ते दाखवलं. मोठा हशा पिकला.

त्या दिवशी त्या गिरणीत माझ्या बायकोचं जेवढं कौतुक झालं तेवढं तिच्या माहेरीही झालं नसेल. आणि नेमका त्याच वेळी तिचा आठ दिवसांचा बेत माझ्या पाठीमागं चक्कीतून निघत होता.

घरी येताना वाटेत फार खमंग वास येत होता. मला वाटलं, कुणाच्या तरी घरी येसराची आमटी शिजायली. मी मनात म्हटलं, शिजू द्या, आमच्याकडे याच्याहून भारी होणार आहे. चौकात वास आला, वळणावर आला, आमच्या गल्लीत तर फारच आला. वास माझ्याच डोक्यावरच्या डब्यातून येतोय ही शंका मला घर येईपर्यंत शिवली नाही.

निर्मलानं झाकण उघडलं. पीठ गरम होतं आणि तांबूस होतं. तिनं चिमूटभर जिभेवर ठेवलं.

"येसर कुठाय?"

मी डब्याकडे बोट केलं.

"आणि गहू?"

मी बोट तिथंच ठेवलं.

ती पाटावर बसली. ओरडली नाही, कपाळाला हात लावला नाही. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. स्वयंपाकघरात पुरण शिजून तयार होतं, डाळीचं काढलेलं पाणी, म्हणजे कट, पातेल्यात होता, आणि त्या पुरणाला गुंडाळायला घरात कणीक नव्हती! जी होती तिला मिरची, धने आणि दगडफूल लागलेलं होतं.

"पुडीचं पीठ आणतो!" मी चप्पल घालत म्हणालो.

"कशाचं आणता? काल सिलिंडर आला. डबीत दुधापुरतेच पैसे हायत. आणि उधारीच्या पिठाचे धोंडे म्या लेकीच्या ताटात वाढणार न्हाई."

"मग गंगाधरकाकांकडं मागतो."

"त्यांच्या घरी त्यांचेच जावई येऊन बसलेत. धोंड्याच्या महिन्यात कणीक मागत फिरता का गल्लीतून?"

"मग आता गं?"

डब्यातलं मूठभर पीठ तिनं परत हातात घेतलं, नाकाशी नेलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "आता तुम्ही कांदे चिरा."

पुढचे दोन तास मी डोळ्यांतून पाणी गाळत कांदे चिरत होतो आणि त्या पाण्यातून जे दिसलं ते जन्मभर विसरणार नाही. जुन्या डब्याच्या तळाशी दोन मुठी साधी कणीक निघाली. तिचे तिनं चार गोड धोंडे केले, दोन लेकीला, दोन जावयाला. म्हणजे रीत पूर्ण. मग ते तांबूस पीठ परातीत ओतलं, मीठ घातलं, तेलाचा हात लावून घट्ट मळलं. कांदा, किसलेली कैरी, दाण्याचा कूट, कारळाची चटणी आणि लसूण एकत्र कालवून सारण केलं. पारी करायची, सारण भरायचं, तोंड मिटवायचं, चाळणीत ठेवायचं. तिची बोटं अशी चालत होती की जणू लहानपणापासून ती हेच करत आली आहे. दुसऱ्या शेगडीवर कटाला लसणाची फोडणी बसली.

मला एक अडचण सुचली. (मला अडचणी लगेच सुचतात.) "पण आमटीत येसर लागतं ना?"

"येसर धोंड्यात हाय ना? वाफवलेले धोंडे आमटीत सोडते. उतरतं की आपोआप. जाईल कुठं?"

धोंडे आमटीत पडले आणि आमटी हळूहळू दाट होत गेली, रंग धरत गेली. ज्या येसराला मी गव्हात हरवून आलो होतो ते तिनं माझ्या डोळ्यांदेखत परत आमटीत आणलं! तिनं एक धोंडा फोडून अर्धा माझ्या हातावर ठेवला. आत कैरीचा आंबटपणा, कांद्याचा गोडवा, बाहेर खमंग पारी. मी डोळे मिटले.

"कसं झालंय?" तिनं विचारलं. आवाज पहिल्यांदाच जरा हलला.

"निर्मला," मी म्हणालो, "मी दर महिन्याला चुकीचं दळण आणतो."

"कांदे संपवा," ती म्हणाली.

बाराला जीप आली. जावई महेशराव, अश्विनी, व्याही, विहीणबाई, त्यांच्याकडची पाच माणसं आणि सगळ्यांत शेवटी, दोघांनी धरून उतरवलेल्या ऐंशीच्या पुढच्या आजी, म्हणजे व्याह्यांच्या आई. ओवाळून झालं, कपडे झाले, पंगत बसली. प्रत्येकाच्या ताटात वाटीभर पुरण आणि वर तूप, भात, कुरडया, आणि मधोमध खोलगट थाळीत दाट लालसर आमटीत बुडालेले तीन-तीन धोंडे.

आणि सगळे गप्प बसले.

अश्विनीनं जे होऊ नये म्हणून फोन केला होता नेमकं तेच झालं! विहीणबाईंनी एक धोंडा बोटानं जरासा कलता केला.

"विहीणबाई… हे धोंडे हायत का?"

निर्मलानं तोंड उघडलं. ती खरंच सांगणार होती, कारण तिला खोटं बोलता येत नाही. अश्विनी तुपाचं भांडं घेऊन तशीच उभी राहिली होती. तिचा चेहरा मी पाहिला आणि निर्मलाच्या आधी बोलून गेलो.

"तिखट धोंडे! देगलूरकडची पद्धत हाय. आमच्या मंडळीच्या माहेरची."

"असं होय!" विहीणबाई म्हणाल्या. इथं मी थांबलो असतो तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण मला थांबता येत नाही, हे गिरणीतच सिद्ध झालेलं होतं.

"पहिल्या धोंड्याला गोडाच्या जोडीनं तिखट करतात तिकडं. लई जुनी पद्धत! निजामाच्या बी आधीची!"

"आधीची?" व्याही म्हणाले.

"आधीपासून चालत आलेली. तिथं तीन राज्यांची हद्द येते बघा, म्हणून धोंड्यात तीन चवी असतात. गहू आपला, तिखट तेलंगणाचं आणि आंबटपणा कर्नाटकाचा!" (निजामाच्या आधी ही तीन राज्यं कुठून आली, हे मला सुचलं नाही आणि सुदैवानं पंगतीतही कुणाला सुचलं नाही.) "संसारात नुसतं गोड चालत न्हाई, हे जावयाला पहिल्याच वर्षी कळावं, असा त्यामागचा अर्थ हाय."

स्वयंपाकघराच्या दारात उभ्या निर्मलाच्या हातून उलथणं पडलं.

व्याह्यांनी पहिला घास घेतला. मग दुसरा घेतला. मग थाळी रिकामी करून पुढं सरकवली. विहीणबाईंनी आमटी थेट वाटीत मागून प्यायला सुरुवात केली. जावईबापू बिचारे आपले तीन संपवून, ताटातले गोड धोंडे सोडून शेजाऱ्याच्या थाळीकडे बघत होते. "मामा, मला अजून तिखट मिळंल का?" त्यांनी विचारलं, आणि त्यांना चार मिळाले. व्याह्यांनी थाळीचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'देगलूरची प्राचीन परंपरा'.

दोन मिनिटांत फोन वाजला. मोठ्या सुनेचे वडील, मंगल कार्यालय नि पाणीपुरीवाले! व्याह्यांनी फोन माझ्याच हातात दिला.

"अहो, आमच्याकडून तिखट धोंडे राहूनच गेले की!" पलीकडून घाबरा आवाज. "महिना संपायला चारच दिवस हायत. आता केले तर चालतंय का ओ?"

"चालतंय," मी म्हणालो. "पण महिन्याच्या आत करा." (मी एव्हाना शास्त्रच लिहायला लागलो होतो.)

मी फोन परत दिला आणि समाधानानं मिशीवरून हात फिरवत होतो, तेवढ्यात विहीणबाई एकदम म्हणाल्या, "अगं बाई! आपल्या आत्याबाई देगलूरकडच्याच की! त्यांचं माहेरच तिकडं हाय!" आणि सासूकडे वळून मोठ्यानं विचारलं, "आत्याबाई, तुमच्याकडं करीत होते का ओ तिखट धोंडे?"

माझा हात मिशीवरच राहिला.

आजींना दात थोडे. त्या पंगतीच्या टोकाला बसून सावकाश चघळत होत्या. सगळी पंगत त्यांच्याकडे बघायला लागली. अश्विनी माझ्याकडे बघत होती. माझीच लेक ती, बापाचं खोटं तिला पहिल्या वाक्यालाच कळलं असणार. मी पकडला गेलो असतो तर काय, मी हसण्यावारी नेलं असतं आणि दुसऱ्या दिवशी अभ्यासिकेत जाऊन बसलो असतो. पण ती त्या घरात राहणार होती. तिच्या माहेरी धोंडे बिघडले, वरून बापानं थापा मारल्या, हे तिला तिथं वर्षानुवर्षं ऐकावं लागलं असतं. त्या क्षणी मला स्वतःची खरोखर लाज वाटली.

आजींनी घास गिळला. पाणी प्यायल्या. थाळीत बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, चांगलं निरखून बघितलं.

"हाव," त्या म्हणाल्या. "करीत व्हते की."

माझा जीव भांड्यात पडला.

"पण लसूण जरा जास्ती घालायचे," आजी म्हणाल्या. "वाढ अजून एक."

त्यानंतर पंगतीत जो आवाज सुरू झाला तो ताटं उचलेपर्यंत थांबला नाही. विहीणबाई अश्विनीला म्हणाल्या, "तुझ्या आईच्या हाताला चव हाय बाई! असलं काही शिकलीस की न्हाई? शिकून घे. आपल्याकडं सगळ्यांना बोलावून करू." अश्विनी तूप वाढत पुढं सरकली तेव्हा तिची मान अशी ताठ होती की मला पुन्हा कांदा चिरल्यासारखं झालं.

जेवणं झाल्यावर मी मोरीतून पाण्याची घागर आणत होतो. आजी हात धुवायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात जाऊन बसल्या होत्या. मी दाराशीच थांबलो.

"पोरी," आजी निर्मलाला विचारत होत्या, "गिरणीत कोण गेल्तं?"

निर्मलानं पदर सावरला. मग हळूच म्हणाली, "हे गेले होते."

"वाटलंच मला. गव्हासंगट येसर दळलं की असाच वास येतो. आमच्या म्हाताऱ्यानं बी एकदा असंच आणलं व्हतं. नणंदेच्या धोंड्याला! वाटंत कुणासंगट तरी बोलत बसला आसल. म्हातारा जाऊन लई वर्सं झाली, पर त्या दळणाचा वास अजून नाकात हाय बघ."

"मग आजी, तुम्ही काय केलं?"

"म्या? म्या चुलीपुढं बसून रडले. सासूनं पीठ उचलून म्हशीला घातलं." आजींनी निर्मलाच्या तोंडावरून हात फिरवून आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. "तू रांधलंस."

सकाळपासून जिच्या डोळ्यांत टिपूस आला नव्हता ती निर्मला तेव्हा रडली, आणि रडता रडता हसली. मी घागर घेऊन दाराआड उभा होतो. मला माझ्या बायकोचा त्या क्षणी इतका अभिमान वाटला, की तो कुणाला तरी सांगावा म्हणून मी बाहेरच्या खोलीकडे वळलोसुद्धा. मग दळण आठवलं आणि तोंड मिटून घागर खाली ठेवली.

उरलेलं पीठ महिनाभर पुरलं. त्याचे धपाटे झाले, त्याच्या चकोल्या झाल्या, आणि प्रत्येक वेळी ताट पुढं ठेवताना निर्मला म्हणायची, "घ्या. तुमची परंपरा."

हे इथंच संपलं असतं. पण पंधरा दिवसांनी विहीणबाईंचा लातूरहून फोन आला. त्या चार दिवसांत त्यांच्या कॉलनीत अकरा घरी तिखट धोंडे झाले होते! मोठ्या सुनेच्या वडिलांनी तर परत मंगल कार्यालय घेतलं होतं.

"आमच्या महिला मंडळानं कार्यक्रम ठेवलाय, व्याहीबुवा," विहीणबाई म्हणाल्या. "विसरत चाललेल्या परंपरा! तुमचा अभ्यास लई दांडगा हाय. या आणि अर्धा तास बोला."

मी घाबरून निर्मलाकडे बघितलं. ती तोंडाला पदर लावून हसत होती. "जा की," ती म्हणाली. "तेलंगणाचं तिखट सांगा त्यांना."

मी काहीतरी कारण काढणार, तेवढ्यात फोनवर आजी आल्या. "या, या. घाबरू नका," त्या म्हणाल्या. "म्या म्होरंच बसते. तुमी जिथं अडाल तिथून म्या सांगते."

आता त्या भाषणाची तयारी चालू आहे. मी बिघडवलेलं दळण निर्मलानं निस्तरलं, मी मारलेली थाप आजींनी निभावली, आणि भाषणही बहुतेक त्याच करतील. या सगळ्या प्राचीन परंपरेत मी एकट्यानं, कुणाचीही मदत न घेता केलेलं काम एकच आहे, आणि नेमकं तेवढंच मला भाषणात सांगता येणार नाही!